काकू, बॉल द्या ना!

संध्याकाळचे साडेपाच वाजले की उपनगरातल्या बहुतेक सोसायट्यांमध्ये दोन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात. खाली मुलांचा खेळ आणि वर खिडक्यांतून आरडाओरडा. "ए, तिकडे जाऊन खेळा!" असं प्रत्येक खिडकी म्हणते. पण हे 'तिकडे' म्हणजे नेमकं कुठं, ते मात्र कुणीच सांगत नाही. अ विंगवाले ब विंगकडे बोट दाखवतात, ब विंगवाले क विंगकडे आणि क विंगच्या मागे कंपाउंडची भिंत. भिंतीपलीकडे दुसरी सोसायटी. तिथला वॉचमन काठी आपटत उभाच असतो.

सोसायटीच्या तक्रारवहीत तसं काय नसतं? वरच्या मजल्यावरचे ओले कपडे खालच्यांच्या पापडांवर ठिबकतात. कुणी कबुतरांना दाणे घालतं, त्याचा प्रसाद शेजारच्या बाल्कनीला मिळतो. कुणाचं चपलांचं कपाट हळूहळू सरकत जिन्यात आलेलं असतं. कुणाचा मिक्सर पहाटे पाचला गरगरतो, तर कुणाच्या पाहुण्याची गाडी चौथ्या दिवशीही हललेली नसते. पण या तक्रारी दोन बिऱ्हाडांमधल्या असतात. चार दिवस बोलणं बंद होतं आणि गणपतीचा प्रसाद द्यायच्या निमित्तानं पुन्हा सुरू होतं.

मुलांच्या खेळाची तक्रार निराळी. ती निघाली की अख्ख्या सोसायटीत दोन तट पडतात. ज्यांची मुलं खेळण्याच्या वयाची आहेत ते एका बाजूला आणि ज्यांची मुलं मोठी होऊन पुण्याला, बंगळुरूला किंवा अमेरिकेला गेली ते दुसऱ्या बाजूला. गंमत अशी की, आजचा दुसरा तट दहा-पंधरा वर्षांपूर्वी पहिल्या तटात होता आणि त्याचीही तेव्हा कुणाशी तरी भांडणं झालेली होती!

काकूंचंही ऐका

अशी एक सोसायटी डोळ्यांसमोर आणा. डोंबिवलीत असेल, बोरिवलीत असेल, पुण्याच्या कोथरूडला किंवा पार इंदूर-बडोद्यालाही असेल. तीन विंग, 48 बिऱ्हाडं. दोन विंगच्या मधे वीसेक फुटांची फरसबंदी पट्टी. तिच्या दोन्ही कडांना गाड्या. उरलेल्या जागेत यष्टी म्हणून प्लास्टिकची खुर्ची ठेवली की खेळपट्टी तयार.

या खुर्चीच्या बरोबर मागे तळमजल्यावरच्या काकूंची खिडकी. सोसायटीतल्या मुलांच्या लेखी काकू म्हणजे खलनायिका. घरात आलेला बॉल त्या परत देत नाहीत, पोह्यांच्या रिकाम्या डब्यात टाकून ठेवतात. डब्यात सात बॉल जमले आहेत, असं मुलं छातीठोकपणे सांगतात. "काकू, बॉल द्या ना! परत नाही येणार, शप्पथ!" अशी विनवणी होते. "मागच्या वेळी कुणाची शप्पथ घेतली होतीस रे?" असा आतून प्रश्न येतो आणि खिडकी बंद होते.

आता याच काकूंच्या घरात एकदा डोकावून पाहा. काकांची बायपास झालेली आहे. डॉक्टरांनी दुपारची झोप सांगितली आहे आणि त्यांना ती उशिराच लागते. सून इस्पितळात नर्स. रात्रपाळी असली की ती संध्याकाळी सहापर्यंत झोपलेली असते. वर्षभरात खिडकीची काच दोनदा फुटली. दोन्ही वेळा काकू खाली गेल्या, "कुणी मारला?" म्हणून विचारलं. अकरा मुलं होती, बावीस डोळे जमिनीकडे. एकानंही तोंड उघडलं नाही. आईवडिलांकडे गेल्या तर उत्तर मिळालं, "आमचा तर तेव्हा क्लासला गेला होता." काचेचे पैसे काकूंनीच भरले. मग सांगा, डब्यात बॉल ठेवण्यापलीकडे काकूंच्या हातात काय उरलं?

ज्येष्ठांच्या तक्रारीला आपण पटकन किरकिर म्हणून मोकळे होतो. पण जिन्यातून उतरताना अचानक अंगावर येणारा चेंडू हा सत्तरीच्या माणसाला खेळ वाटत नाही. एकदा पडलं आणि खुब्याचं हाड मोडलं की पुढचे महिने पलंगावर, ही भीती त्याच्या मनात असते. ती भीती खरी आहे.

आवाजाचं म्हणाल तर 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल अशी मर्यादा घातलेली आहे. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. पण मुलांच्या "हाउज दॅट!"साठी यंत्र घेऊन कोण बसणार? आणि बसूही नये. शेजाऱ्यांचा प्रश्न डेसिबलनं सुटत नाही. तो, कोणत्या वेळी कोणाला शांतता हवी आहे, हे एकमेकांना ठाऊक असण्यानं सुटतो. काकूंची सून रात्रपाळी करते, हे खेळणाऱ्या अकरा मुलांपैकी एकालाही ठाऊक नसतं. त्यांच्या आईवडिलांनाही नसतं. खरी तक्रार इथं सुरू होते.

अंगण गेलं कुठं?

आता मुलांची बाजू. "मैदानावर जा" हे सांगणं सोपं आहे. मैदान दीड किलोमीटरवर. मधे एक हमरस्ता आणि रिक्षा स्टँड. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला तिकडे एकट्याला कोण पाठवणार? तिथं पोचलंच तर अर्ध्या मैदानावर कोचिंगवाल्यांची जाळी आणि उरलेल्या अर्ध्यात मोठ्या मुलांच्या चार मॅच एकात एक गुंतलेल्या. हल्ली जागोजागी हिरव्या गालिच्याचे 'टर्फ' झाले आहेत, पण ते तासाच्या भाड्यानं. खिशात पैसे असतील तर खेळ, नसतील तर जाळीबाहेरून बघा!

मग सोसायटीच्या आवारातच मोकळी जागा असायला नको का? कागदावर ती असते. मुंबईच्या 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत भूखंडाच्या आकाराप्रमाणे मनोरंजनासाठी मोकळी जागा सोडण्याचं बंधन होतं. 1,001 ते 2,500 चौरस मीटरच्या भूखंडावर 15 टक्के, 10,000 चौरस मीटरपर्यंत 20 टक्के आणि त्याहून मोठ्या भूखंडावर 25 टक्के. पुढं बांधकाम व्यावसायिकांनी ही जागा जमिनीवरून उचलून गाड्यांच्या मजल्यावर, म्हणजे पोडियमवर न्यायला सुरुवात केली. डिसेंबर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुंबई महापालिकेच्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितलं की, नियमानं ठरलेली किमान मोकळी जागा जमिनीवरच असली पाहिजे. पायाखाली माती हवी, ही गोष्ट पटवून द्यायला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं!

त्याआधी 2010 मध्ये दहिसरच्या एका सोसायटीचा खटलाही असाच गाजला होता. इमारतीच्या खांबांमधली पार्किंगची जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येणार नाही, ती सगळ्यांच्या सामाईक जागेचा भाग आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं दिला. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींतही जिने, मार्गिका, पार्किंग अशा सामाईक जागा कुणा सभासदानं स्वतःसाठी अडवू नयेत, अडवल्यास मासिक देखभाल खर्चाच्या पाचपट रक्कम दर महिन्याला भरावी, अशी तरतूद आहे.

आता आपल्या सोसायटीत एक चक्कर मारून या. जुना सोफा, मोडकी सायकल, हवा गेलेली स्कूटर, कुणाच्या तरी नूतनीकरणाची उरलेली लादी, तीन वर्षं कव्हर घालून ठेवलेली गाडी. यांच्याविरुद्ध तक्रारवहीत एक ओळ नसते. कारण या वस्तू ओरडत नाहीत, काच फोडत नाहीत. त्या फक्त जागा खातात. जागा खाणारी गाडी शहाणी आणि जागेत धावणारं मूल उनाड, असा हा हिशेब आहे.

मुलांचं घटनापत्र

एवढ्या अडचणीतही मुलं खेळतात. आणि कशी खेळतात? कमिटीवाल्यांनी त्यांच्याकडून धडे घ्यावेत इतक्या शिस्तीत. जागा लहान म्हणून बोलिंग अंडरआर्म. बॉल थेट भिंतीला लागला तर आउट. कंपाउंडबाहेर गेला तर आउट, आणि जो मारील तोच आणील. काकूंच्या खिडकीत गेला तर आउट आणि वर नवा बॉल त्याच्याच खर्चानं. एक टप्पा पडून एका हातानं धरला तरी आउट. मुलं विषम असली तर एकाला दोन्हीकडून बॅटिंग. आणि पाच वर्षांचं धाकटं भावंडं मागं लागलं तर ते 'कच्चा लिंबू'. ते कधीच आउट होत नाही, त्याच्या धावाही धरल्या जात नाहीत, पण त्याला डाव मिळतो. कुणालाही न दुखावता दुबळ्याला खेळात सामावून घेणारी अशी तरतूद भल्याभल्यांच्या घटनांत सापडणार नाही.

हे नियम कुणी लिहिले? कुणीच नाही. काचा, खिडक्या, काकू आणि कंपाउंड यांनी ते लिहून घेतले. मुंबईच्या फलंदाजीला या अडचणीनंच घडवलं, असं क्रिकेटचे जाणकार सांगत आले आहेत. उंच मारला की आउट, म्हणून चेंडू जमिनीलगत मारायची सवय लागते. ताडदेवच्या चिखलवाडीत वाढलेल्या सुनील गावसकरांनी 'सनी डेज' या आत्मचरित्रात घरच्या लहानशा गॅलरीत आई टेनिस बॉल टाकायची आणि एकदा आपला फटका तिच्याच नाकावर बसला, ही आठवण सांगितली आहे. सचिन तेंडुलकर वांद्रे पूर्वेच्या साहित्य सहवासात, लेखक-कवींच्या कॉलनीत टेनिस बॉलनं खेळत वाढला. थोरल्या भावानं त्याला शिवाजी पार्कला रमाकांत आचरेकरांकडे नेलं ते नंतर. फेब्रुवारी 1988 मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात सचिन आणि विनोद कांबळी यांनी 664 धावांची अखंड भागीदारी केली, ती सगळ्यांना पाठ असते. पण त्यामागे कुठल्या तरी आवारातल्या कितीतरी संध्याकाळी होत्या, हे लक्षात राहत नाही.

अर्थात, खाली खेळणारं प्रत्येक पोर गावसकर होणार नाही. होण्याची गरजही नाही. मुलांना अंगण मिळावं ते त्यांच्यातून कसोटीपटू निघावा म्हणून नव्हे. हरणं, रुसणं, पुन्हा येणं, दुसऱ्याला डाव देणं या गोष्टी क्लासमध्ये शिकवता येत नाहीत म्हणून.

मोठे मैदानात उतरतात

आणि मग कुणाच्या तरी डोक्यात कल्पना येते, "आपण 26 जानेवारीला मुलांची टूर्नामेंट घेऊ या!" कल्पना सुंदर. शेजारच्या चार सोसायट्यांना आमंत्रण जातं. इस्टेट एजंट टी शर्ट पुरस्कृत करतो. ढाल येते, हलोजनचे दिवे लागतात. आणि इतके दिवस मुलांचा असलेला खेळ एका रात्रीत आईबाबांचा होतो.

पहिली ठिणगी निवडीवर पडते. संघात आठ जण घ्यायचे आणि मुलं सतरा. इतके दिवस खाली मुलं स्वतःच दोन कप्तान निवडून आळीपाळीनं गडी मागून घेत. दोन मिनिटांत काम व्हायचं. आता तिथं पाच जणांची निवड समिती बसते आणि रात्री साडेअकरापर्यंत उठत नाही. सेक्रेटरींचा मुलगा सलामीला. खजिनदारांचा मुलगा कप्तान. दुसऱ्या मजल्यावरच्या बाबांचं म्हणणं, "आमचा तर महिन्याला फी भरून कोचिंगला जातो, त्याला सहाव्या नंबरवर? मग फी कशाला भरायची?" ज्या दोघांचे बाबा रात्री उशिरा कामावरून येतात आणि बैठकीला नसतात, ती दोन मुलं बाहेर. योगायोगच म्हणायचा!

मग वयाचा वाद. "तुमचा बारा वर्षांचा? त्याला मिसरूड फुटलीय हो!" जन्मदाखले मागवले जातात. यात आपल्या सोसायटीलाच नावं ठेवायला नकोत. वयचोरी हा भारतीय क्रिकेटचा जुना रोग आहे. तो इतका बळावला की, क्रिकेट नियामक मंडळानं 2012 पासून 16 वर्षांखालच्या खेळाडूंसाठी मनगटाच्या हाडाचा एक्सरे काढून वय ठरवण्याची पद्धत आणली. तिथं निदान पुढच्या निवडीचा, नावाचा, पैशाचा मोह असतो. इथं स्टीलची ढाल आणि वडापावचं पाकीट! पण मुलाचं वय एक वर्षानं कमी सांगणारा बाप त्याला त्याच वेळी काय शिकवतो? नियम पाळायचे असतात ते दुसऱ्यांनी.

मुलींचा प्रश्न तर कुणाला सुचलाच नाही. खाली रोज खेळणाऱ्या मुलांत दोन मुली होत्या. त्यातली एक डावखुरी, तिच्या बोलिंगला मोठी मुलंही टरकून. 2 नोव्हेंबर 2025 च्या रात्री नवी मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून एकदिवसीय विश्वचषक जिंकला, तेव्हा याच सोसायटीनं फटाके फोडले होते. त्याच्या तीनच दिवस आधी मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जनं उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद 127 धावा केल्या, तेव्हा टीव्हीसमोर बसलेल्यांचे डोळे भरून आले होते. पण अडीच महिन्यांनी संघ निवडताना त्याच मंडळींनी दोघी मुलींच्या नावापुढं लिहिलं, 'रांगोळी स्पर्धा'.

राखीव खेळाडू

सगळ्यात अवघड प्रसंग अजून पुढं होता. संघातला सर्वांत चांगला बोलर सोसायटीचा नव्हता. तो वॉचमनचा मुलगा. पंपाच्या खोलीशेजारी आईवडिलांबरोबर राहणारा, पालिकेच्या शाळेत सातवीत शिकणारा. रोजच्या खेळात त्याला आपल्या बाजूला घेण्यासाठी दोन्ही कप्तान भांडायचे. निवड समितीत त्याचं नाव मुलांनीच पुढं केलं. क्षणभर शांतता पसरली. मग कुणीतरी घसा खाकरून म्हणालं, "नियम काय आहे? फक्त सभासदांची मुलं."

हा नियम त्याच क्षणी जन्माला आला होता. पण त्याच्या कात्रीत भाडेकरूंची मुलंही सापडली आणि गोंधळ वाढला. कारण भाडेकरूही दरमहा पैसे मोजतात आणि त्यांच्या घरचे दोन चांगले बॅट्समन होते. रात्री बरीच चर्चा होऊन नियम बदलला, 'सोसायटीत राहणारी मुलं'. आता वॉचमनचा मुलगाही सोसायटीतच राहत होता. मग? मग त्याला 'राखीव' करण्यात आलं.

मुलांना हे आवडलं नाही. त्यांनी दोन दिवस सरावाला यायचं नाकारलं, मागच्या बाजूला जुन्या पद्धतीनं खेळत राहिली. त्यांची समजूत घातली गेली. कुणाला आइस्क्रीम, कुणाला दम. टूर्नामेंटच्या दिवशी तो मुलगा टी शर्टाशिवाय सीमारेषेबाहेर बसला. ओव्हर संपली की पाण्याच्या बाटल्या नेऊन द्यायचा. दुसऱ्या सामन्यात सोसायटी हरली. घरी जाताना निवड समितीचं एकमत झालं की अंपायर पक्षपाती होता.

जूनमध्ये सोसायटीनं सुरक्षेची एजन्सी बदलली. पंपाच्या खोलीशेजारचं बिऱ्हाड हललं. ते कुठं गेलं, कुणाला ठाऊक नाही. मुलांनी विचारलं तेव्हा मोठ्यांकडे त्या माणसाचा साधा फोन नंबरही नव्हता. तो माणूस सहा वर्षं त्यांची गाडी आली की फाटक उघडत होता.

या साऱ्यात बॉल, काच, आरडाओरडा या गोष्टी फार किरकोळ वाटू लागतात ना? मुलं काच फोडतात ती वीस मिनिटांत बदलता येते. मोठे जे फोडतात ते तसं सहज सांधता येत नाही.

साहेबांच्या देशातही हेच

चेंडू आणि शेजारी यांचं भांडण आपलीच मक्तेदारी नाही. जिथून क्रिकेट आलं त्या इंग्लंडमध्येही ते कोर्टात गेलं. 1947 मध्ये मँचेस्टरजवळच्या चीथम इथं मैदानातून बाहेर आलेला चेंडू रस्त्यावर उभ्या असलेल्या एका बाईंना लागला. प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्डसपर्यंत पोचलं. 1951 मध्ये निकाल लागला, तो क्लबच्या बाजूनं. तीस वर्षांत जेमतेम सहाएक वेळा चेंडू कुंपणाबाहेर गेला असेल, तर इतक्या दूरच्या शक्यतेसाठी क्लबला निष्काळजी ठरवता येणार नाही, असं न्यायमूर्तींनी म्हटलं.

1977 मधला दुसरा खटला तर आपल्या काकूंच्या खिडकीसारखाच आहे. डरहॅम परगण्यातल्या लिंट्झ या गावच्या मैदानावर सत्तर वर्षं क्रिकेट चाललं होतं. मैदानाला लागून नवी घरं झाली आणि चेंडू बागेत, कौलांवर, खिडक्यांवर येऊ लागले. शेजाऱ्यांनी खेळच बंद करा अशी मागणी केली. न्यायालयानं मधला मार्ग काढला. खेळ थांबवण्याचा हुकूम दिला नाही, पण क्लबनं नुकसानभरपाई म्हणून 400 पौंड द्यावेत असं ठरवलं. थोडक्यात, खेळा, पण फोडलंत तर भरा.

एवढं साधं सूत्र आपल्या सोसायटीला कोर्टाची पायरी न चढता का जमू नये?

करता येण्यासारखं

पहिली गोष्ट, वेळ ठरवा आणि ती फळ्यावर लिहा. शाळेच्या दिवसांत संध्याकाळी साडेपाच ते साडेसात, सुटीत सकाळचेही दोन तास, दुपारी शांतता. दहावी-बारावीच्या परीक्षेच्या महिन्यात खेळ थोडा आखडता. मात्र एकदा वेळ ठरली की त्या वेळात "तिकडे जा" म्हणायचा अधिकार कुणालाही नाही. खेळायला परवानगी मागावी लागते तेव्हा मुलं चोरून खेळतात. वेळ हक्काची असेल तर तीच मुलं वेळ संपताच खुर्ची उचलतात.

दुसरी गोष्ट, काकूंच्या खिडकीला सोसायटीच्या खर्चानं नायलॉनची जाळी लावा. कबुतरांसाठी आपण बाल्कनीभर जाळ्या लावून घेतोच, तर ही एक मुलांसाठी. सीझनचा कडक बॉल आवारात अजिबात नको. टेनिसचा किंवा प्लास्टिकचाच.

तिसरी गोष्ट, मुलांचा 'काच फंड'. खेळणाऱ्या प्रत्येकानं महिन्याला दहा रुपये टाकायचे. हिशेबाची वही मुलांकडेच. काच फुटली तर कुणी मारला हा तपास नाही, शिक्षा नाही. दोन मुलांनी जाऊन "काकू, आमच्याकडून फुटली, उद्या माणूस येईल" एवढं सांगायचं. पैशांपेक्षा हे सांगणं महत्त्वाचं. ज्या दिवशी बावीस डोळे जमिनीकडे न बघता वर बघतील, त्या दिवशी पोह्यांचा डबा आपोआप रिकामा होईल.

चौथी गोष्ट गाड्यांची. रविवारी सकाळी दोन तास मधली पट्टी रिकामी ठेवायची. गाडी बाहेर लावल्यानं तिची झीज होत नाही. आणि कव्हरखाली झोपलेल्या गाड्या, मोडके सोफे, लाद्या यांचा सोक्षमोक्ष लावायचा. त्यातून निघणाऱ्या जागेत लहानांचा झोपाळाही बसेल आणि आजोबांचा बाकही.

पाचवी गोष्ट मोठ्यांसाठी. टूर्नामेंट जरूर घ्या, पण संघ मुलांना निवडू द्या. प्रत्येकाला निदान एक ओव्हर आणि एक डाव मिळालाच पाहिजे, मुलगी असो वा मुलगा, मालकाचा असो वा वॉचमनचा. जो रोज खाली खेळतो तो संघात, एवढा एकच निकष पुरे. आणि आईबाबांनी सीमारेषेपासून दहा पावलं लांब बसायचं. टाळ्या दोन्ही बाजूंना वाजवायच्या. 'रडीचा डाव खडी' हा शब्दप्रयोग मुलांच्या खेळातून आला असला तरी तो हल्ली मोठ्यांनाच जास्त लागू पडतो.

या सगळ्याला पैसे फारसे लागत नाहीत. लागते ती सर्वसाधारण सभेतली वीस मिनिटं. ती मिळणं मात्र महाकठीण. कायद्याप्रमाणे दरवर्षी 30 सप्टेंबरपर्यंत ही सभा घ्यावीच लागते. तिच्या कार्यक्रमपत्रिकेवर हिशेब असतो, गळती असते, लिफ्ट असते, रंगकाम असतं. मुलांचा खेळ निघतो तो सगळ्यात शेवटी, 'अध्यक्षांच्या परवानगीनं येणारे आयत्या वेळचे विषय' या सदरात. तोवर समोसे संपलेले असतात, अर्ध्या खुर्च्या रिकाम्या असतात आणि उरलेले घड्याळ बघत असतात. "पुढच्या सभेत बघू" असं ठरतं.

पुढच्या सभेपर्यंत वर्ष जातं. बारा वर्षांचा मुलगा तेरा वर्षांचा होतो. अशा दोन सभा गेल्या की तो दहावीला जातो, क्लास लागतात, खाली येणं थांबतं. त्याच्यासाठी तो विषय कायमचा संपलेला असतो, कुठलाही ठराव न होता. तेव्हा यंदा सभेची नोटीस निघायच्या आधीच सेक्रेटरींना एक चिठ्ठी द्या. मुलांच्या खेळाचा विषय क्रमांक एकवर घ्या म्हणावं, आणि त्या वीस मिनिटांसाठी दोन मुलांना सभेत बसू द्या. एक खुर्ची काकूंच्या सुनेसाठीही ठेवा. रात्रपाळी नसेल त्या दिवशीच सभा घ्या म्हणजे झालं.